भरलेले मशरूम: कॅलरी मशरूममध्ये नसतात, भरणात असतात

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तितके काढलेत.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की रात्री घरी उशिरा आल्यावर हलकं पण पोटभर असं काय करता येईल? माझं उत्तर आहे भरलेले मशरूम. पण आधी माझी फजिती सांगतो.

रिपोर्टमध्ये साखर काठावर आली, म्हणून मी जेवण मोजायला लागलो. मशरूम म्हणजे हलकंच असणार असं धरून वारजे-माळवाडीच्या भाजीवाल्याकडून बटन मशरूमचं पाकीट आणलं आणि आईच्या भरल्या वांग्याचा मसाला जसाच्या तसा भरला. अर्धी वाटी दाण्याचं कूट, वरून चीजच्या दोन क्यूब, चार चहाचे चमचे तेल. खाऊन झाल्यावर ॲपमध्ये टाकलं, तर आकडा सातशेच्या पार!

हिशोब बघा. १०० ग्रॅम मशरूममध्ये साधारण २२ कॅलरी असतात, म्हणजे २०० ग्रॅमच्या अख्ख्या पाकिटात ४४. कुटाच्या मात्र ३४० च्या आसपास, तेलाच्या १८०, चीजच्या दीडशे. मशरूम बिचारं नुसतं वाटी म्हणून काम करत होतं. ‘लो कॅलरी’ असं नाव दिलेल्या कुठल्याही पदार्थात आधी भरण आणि तेल बघायचं, ही सवय मला तेव्हापासून लागली.

दुसऱ्या आठवड्यात मी दुसरं टोक गाठलं. कांदा आणि कोथिंबीर भरून दीडशे कॅलरीत जेवण उरकलं. रात्री साडेअकराला पोटात कावळे ओरडायला लागले आणि मी बिर्याणी मागवली. त्याचा हिशोब सांगत नाही. मुद्दा एवढाच की फार कमी खाल्लं की ती भूक रात्री व्याजासकट वसूल होते. प्रोटीन हवंच, आणि भाकरीही हवी.

आता सध्या करतो ती पद्धत. एका माणसाला २०० ग्रॅम मशरूम, शक्यतो मोठ्या टोप्यांचे. मशरूम धुवायचे नाहीत असं सगळे सांगतात, पण नळाखाली पटकन धुऊन पुसले तर काही बिघडत नाही. भिजत मात्र ठेवू नका. देठ हलवून काढा आणि फेकू नका, बारीक चिरून भरणातच घाला. त्यात ५० ग्रॅम कुस्करलेलं पनीर, एक छोटा कांदा, एक मोठा चमचा कूट (फक्त एक!), आलं-लसूण, हिरवी मिरची, अर्धा चमचा गोडा मसाला, कोथिंबीर. कांदा आणि देठ एक चमचा तेलातल्या अर्ध्या तेलावर परतून ओलावा उडवून घ्या, मग बाकीचं मिसळा.

खरी गंमत पाण्याची आहे. मशरूममध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कच्च्या टोपीत भरण घालून झाकण ठेवलं की ते सगळं पाणी सुटतं आणि ताटात आमटी होते. माझी पहिल्यांदा तशीच झाली होती. म्हणून आधी रिकाम्या टोप्या उरलेल्या तेलावर, खोलगट बाजू वर ठेवून, मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा. वाटीत पाणी साचलेलं दिसेल. मग उलट्या करून ते पाणी तव्यावरच आटू द्या. झाकण नाही, मीठही नाही, कारण मीठ पाणी आणखी ओढून काढतं. टोप्या आक्रसतील, घाबरू नका. मग भरण दाबून भरा, मीठ त्या भरणात, आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटं. ओव्हन लागत नाही, बिडाचा तवा असेल तर फारच छान.

जास्त शिजले तर? वांगं जास्त शिजलं तर लगदा होतो, मशरूमचा तसा होत नाही. त्यांच्या पेशींची भिंत कायटिनची असते आणि ती उष्णतेने विरघळत नाही. झिंगे-खेकड्यांच्या कवचातही हेच कायटिन असतं. त्यामुळे नवशिक्यांसाठी हा फार माफ करणारा पदार्थ आहे.

एकूण हिशोब: मशरूम ४४, कांदा २०, पनीर साधारण १४५, कूट ५७, तेल ४५. म्हणजे तीनशे-सव्वातीनशे, आणि प्रोटीन सतरा ग्रॅमच्या आसपास. सोबत ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी धरली तर पाचशेच्या आत जेवण. मी तर वर कच्चा कांदा आणि लिंबूही घेतो.

पनीर आवडत नसेल तर टांगून पाणी काढलेल्या दह्याचा चक्का चालतो, फक्त भरण जरा सैल होतं. मोड आलेली मटकी वाफवून, जरा ठेचून घातली तर चवीला मला पनीरपेक्षाही आवडते, पण आदल्या दिवशी भिजवायची आठवण कोणाला राहते!

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. पावसाळ्यात वारजे अर्बन फॉरेस्टच्या बाजूला फिरायला गेलं की जमिनीतून छत्र्या वर आलेल्या दिसतात. कोकणात आणि गोव्यात वारुळावरची अळंबी ओळखून काढणारी माणसं आहेत, पिढ्यांची ओळख असते त्यांची. आपण फोटो काढायचा आणि पुढे जायचं. विषारी आणि खाण्याजोग्या छत्र्या इतक्या सारख्या दिसू शकतात की ॲपच्या भरवशावर कढईत टाकणं जिवावर बेतू शकतं, आणि काही विषं शिजवूनही जात नाहीत. मशरूम दुकानातलेच घ्या. पाकिटात चिकट झालेले किंवा वास येणारे असतील तर परत करा. घरी आणल्यावर प्लॅस्टिकमधून काढून कागदी पिशवीत, फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.

उरलेलं भरण दुसऱ्या दिवशी सकाळी पोळीत गुंडाळून डब्यात नेता येतं. पुढच्या भागात याच टोप्यांचं वाफेवरचं व्हर्जन, पण ते मला अजून नीट जमलेलं नाही, जमलं की सांगतो.