उत्रोलीहून चक्री तिकिटावर दक्षिण

भोर तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. उत्रोलीकराला गाडी धरायची तर आधी एसटीने कापूरहोळवरून स्वारगेट, मग पुणे स्टेशन. एवढी यातायात करायचीच, तर एका तिकिटात अर्धी दक्षिण पाहून यावी. युरोपात युरेल पास काढून महिनाभर हिंडणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून आपण हळहळतो. आपल्या रेल्वेकडे त्याचा चुलतभाऊ आहे, त्याची मात्र फारशी कोणाला खबर नसते. सर्क्युलर जर्नी तिकीट, म्हणजे चक्री तिकीट.

जिथून निघालात तिथेच परत यायचं आणि वाटेत जास्तीत जास्त 8 ठिकाणी उतरायचं, एवढीच मुख्य अट. बचत कुठे होते? रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं किलोमीटरमागे उतरत जातं. तुकड्यातुकड्याने तिकिटं काढली की प्रत्येक तुकडा पुन्हा चढ्या दरापासून सुरू होतो. चक्री तिकिटात एकूण अंतराचे दोन सारखे भाग करून फक्त दोन लांब प्रवासांचं भाडं लावतात.

पुणे, सोलापूरमार्गे चेन्नई, मदुराई, कन्याकुमारी, तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम, मंगळूर, मडगाव, पनवेल आणि परत पुणे, हा फेरा धरा. अंतर साधारण 3,500 किलोमीटर, म्हणजे भाडं 1,750 किलोमीटरच्या दोन प्रवासांचं. (कोकण रेल्वेवर भाड्यासाठी अंतर वाढवून धरतात, तेव्हा आकडा थोडा वर जाईल.) मुदतीचा हिशेब असा: दर 400 किलोमीटरला प्रवासाचा एक दिवस, दर 200 किलोमीटरला मुक्कामाचा एक. म्हणजे 9 आणि 18, मिळून 27 दिवस. सुगी आटोपलेल्या माणसाला पुष्कळ झाले.

हे तिकीट मोबाइलवर मिळत नाही. मार्ग, उतरण्याची ठिकाणं, वर्ग आणि निघायची तारीख लिहून रेल्वेच्या विभागीय वाणिज्य कार्यालयात अर्ज द्यायचा. तिथे भाडं ठरलं की स्टेशनवर तिकीट घ्यायचं आणि ते दाखवून टप्प्याटप्प्याचं आरक्षण करायचं. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्टचा अधिभार वेगळा. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधीच उघडतं. अर्ज त्याच्याही आधी हातावेगळा करा.

युरेलचा मोकळेपणा इथे नाही, हे खरं. तिकडे पासावर दिवस मोजतात आणि मार्ग आयत्या वेळी ठरवता येतो. इथे मार्ग आधीच बांधलेला. पण फ्रान्स-स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात, शिवाय शेंगेन व्हिसासाठी प्रवासाचा आराखडा आधीच द्यावा लागतो. बेत बदलण्याची मुभा तिथेही वाटते तितकी स्वस्त नाही. इकडे चक्री तिकिटावर आणखी खर्च वाचतो तो रात्रीच्या गाडीने. चेन्नई ते मदुराई झोपेत उरकलं की एका लॉजचं भाडं वाचलं.

भोरकरांसाठी एक आडवाट. मडगावहून येताना महाड तालुक्यातल्या वीर स्टेशनवर उतरलं तर वरंधा घाट चढून थेट भोर गाठता येतं. वीर-पनवेल-पुणे हा तुकडा वाया जातो, पण मोठा वळसा टळतो. वीरला सगळ्या गाड्या थांबत नाहीत आणि पावसाळ्यात घाट अनेकदा बंद असतो. म्हणून हा बेत हिवाळ्यातच करा, आणि महाडहून भोरकडे येणाऱ्या एसटीची वेळ निघण्याआधी भोर आगारात विचारून ठेवा.