हाफ-लाइफ २ आणि स्टीम

हाफ-लाइफ २ हा अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने तयार केलेला फर्स्ट पर्सन शूटर प्रकारातील व्हिडिओ गेम असून तो १६ नोव्हेंबर २००४ रोजी विंडोज संगणकांसाठी प्रकाशित झाला. गॉर्डन फ्रीमन हा भौतिकशास्त्रज्ञ आणि परग्रहवासी सत्तेच्या टाचेखाली गेलेले 'सिटी १७' हे शहर यांभोवती त्याचे कथानक फिरते. समीक्षकांनी हा खेळ उचलून धरला. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याची सरासरी १०० पैकी ९६ आहे. मात्र संगणकीय खेळांच्या इतिहासात त्याचे नाव आणखी एका कारणासाठी घेतले जाते. दुकानातून खोका विकत घेतला तरी स्टीम या व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन वितरण व्यवस्थेत खाते उघडल्याशिवाय हा खेळ सुरू होत नसे. खेळ संगणकावर कसा चालतो आणि विकत घेतलेला खेळ नेमका कोणाचा, या दोन प्रश्नांवर खेळाडूंमध्ये त्या वेळी जो वाद झाला, तो पुढे जवळजवळ प्रत्येक मोठ्या खेळाच्या प्रकाशनाच्या वेळी नव्या तपशिलांसह पुन्हा होत राहिला.

पार्श्वभूमी

व्हॉल्व्हची स्थापना १९९६ मध्ये गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी केली. कंपनीचा पहिला खेळ हाफ-लाइफ नोव्हेंबर १९९८ मध्ये सिएरा या प्रकाशकामार्फत बाजारात आला. त्याच्या आधारे हौशी खेळाडूंनी अनेक नवे खेळ रचले. त्यांपैकी काउंटर-स्ट्राइक इतका लोकप्रिय झाला की व्हॉल्व्हने तो २००० मध्ये स्वतःकडे घेतला. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील सायबर कॅफेंमध्ये तासाच्या भाड्यावर संगणक घेऊन खेळणाऱ्या पिढीला व्हॉल्व्हची ओळख झाली ती बहुधा याच खेळामुळे.

काउंटर-स्ट्राइकच्या यशातूनच एक अडचण उभी राहिली. खेळात दुरुस्ती केली की तिची फाइल प्रत्येक खेळाडूने स्वतः शोधून उतरवावी लागे. सर्वांनी ती बसवेपर्यंत काही जणांकडे जुनी आवृत्ती आणि काहींकडे नवी, अशी फाटाफूट होई आणि ऑनलाइन सामने विस्कळीत होत. फसवणूक करणाऱ्या खेळाडूंना रोखणेही अवघड होते. दुरुस्त्या आपोआप पोहोचवणारी, प्रत्येक प्रत खऱ्या खात्याशी जोडणारी आणि पुढे थेट विक्रीही करू शकणारी व्यवस्था म्हणून स्टीमची घोषणा मार्च २००२ मध्ये झाली. १२ सप्टेंबर २००३ रोजी ती सर्वांसाठी खुली झाली. त्यापूर्वी ऑनलाइन सामने वर्ल्ड ऑपोनंट नेटवर्क या सेवेवर चालत. ती २००४ मध्ये बंद करण्यात आल्यावर काउंटर-स्ट्राइकच्या खेळाडूंना स्टीमकडे वळण्यावाचून गत्यंतर उरले नाही. स्टीमचा सुरुवातीचा अनुभव सुखद नव्हता. सर्व्हर वारंवार कोलमडत, मित्रांची यादी चालत नसे आणि मंद संगणकावर खुद्द स्टीमच बरीच मेमरी अडवून बसे. तिच्या हिरवट करड्या खिडकीची खेळाडूंनी यथेच्छ टिंगल केली. हाफ-लाइफ २ आला तेव्हा हा राग ताजाच होता.

लांबलेले प्रकाशन

मे २००३ मध्ये लॉस एंजेलिस येथील ई३ प्रदर्शनात हाफ-लाइफ २ प्रथम दाखवण्यात आला आणि ३० सप्टेंबर २००३ ही प्रकाशनाची तारीख जाहीर झाली. ती पाळली गेली नाही. त्यातच दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसा प्रकार घडला: कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात शिरून कोणीतरी खेळाचा स्रोत-संकेत पळवला आणि तो इंटरनेटवर पसरला. २ ऑक्टोबर २००३ रोजी न्यूवेल यांनी हे जाहीरपणे मान्य करून शोधकार्यात खेळाडूंचीच मदत मागितली. या प्रकरणी पुढे एका जर्मन तरुणाला अटक झाली आणि २००६ मध्ये जर्मन न्यायालयाने त्याला परिवीक्षेची शिक्षा दिली.

ग्राफिक्स कार्डांचा वाद

खेळ बाजारात येण्याच्या वर्षभर आधीच त्याच्या कामगिरीवरून वाद पेटला होता. हाफ-लाइफ २ चे सोर्स इंजिन मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स ९ या तंत्रज्ञानाचा पुरेपूर उपयोग करणारे होते. या तंत्रात पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग शेडर नावाच्या छोट्या प्रोग्रामद्वारे काढला जातो आणि त्या गणितासाठी आकड्यांची किमान २४ बिटांची अचूकता अपेक्षित असते. एटीआय कंपनीची रॅडिऑन ९७०० आणि ९८०० ही कार्डे नेमकी २४ बिटांत काम करत. प्रतिस्पर्धी एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स मालिकेत मात्र १६ किंवा ३२ बिट असे दोनच पर्याय होते. १६ बिटांत वेग मिळे पण अचूकता अपुरी पडे. ३२ बिटांत अचूकता मिळे पण वेग कोसळे.

सप्टेंबर २००३ मध्ये एटीआयने आयोजित केलेल्या एका कार्यक्रमात न्यूवेल यांनी हाफ-लाइफ २ चे मोजमाप पत्रकारांसमोर मांडले. त्यात रॅडिऑन ९८०० प्रो हे कार्ड एनव्हिडियाच्या सर्वांत महागड्या एफएक्स ५९०० अल्ट्राच्या खूप पुढे होते. एफएक्स कार्डांसाठी व्हॉल्व्हने १६ आणि ३२ बिटांची सांगड घालणारी वेगळी वाट लिहिली होती आणि तिच्यावर नेहमीच्या डायरेक्टएक्स ९ वाटेच्या पाचपट वेळ खर्च केला होता, असे त्यांनी सांगितले. एनव्हिडियाच्या आगामी ड्रायव्हरच्या चाचणी आवृत्तीवर विसंबून निष्कर्ष काढू नयेत, असेही त्यांनी बजावले.

यावरून खेळाडूंमध्ये सरळ दोन तट पडले. व्हॉल्व्हने एटीआयशी व्यावसायिक करार केला असून काही रॅडिऑन कार्डांबरोबर हाफ-लाइफ २ चे कूपन दिले जाते, तेव्हा हे मोजमाप निःपक्षपाती कसे मानायचे, हा एका बाजूचा आक्षेप होता आणि तो गैरवाजवी म्हणता येत नाही. दुसरी बाजू सांगे की एफएक्स मालिकेची ही उणीव इतर डायरेक्टएक्स ९ चाचण्यांतही दिसते. कालांतराने दुसऱ्या बाजूचे म्हणणे खरे ठरले. हितसंबंध खरे होते आणि मोजमापही खरे होते. एकामुळे दुसरे खोटे पडत नव्हते. हाफ-लाइफ २ प्रत्यक्ष आला तेव्हा एफएक्स कार्डांवर तो डायरेक्टएक्स ८ च्या पातळीवरच सुरू होई. त्यामुळे वेग पुरेसा मिळे, पण पाण्यासारख्या पृष्ठभागांवरील प्रकाशाचे परिणाम साधे दिसत. खेळ सुरू करण्याच्या आदेशात वरची पातळी हाताने लिहून ती सक्तीने लागू करता येत असे. तसे केल्यावर दृश्य सुधारे आणि वेग घसरे. वर्षभरापूर्वी मोठी रक्कम मोजून कार्ड घेतलेल्यांच्या संतापाचे मूळ येथे होते. एनव्हिडियाने २००४ मध्ये आणलेल्या जीफोर्स ६ मालिकेत ही उणीव राहिली नाही.

प्रत्यक्ष चालताना

खेळाच्या खोक्यावरील किमान अपेक्षा माफक होत्या: १.२ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी आणि डायरेक्टएक्स ७ चे ग्राफिक्स कार्ड. जुन्या कार्डांसाठी दृश्यांची साधी रूपे स्वतंत्रपणे तयार केलेली असल्याने खेळ खरोखरच अशा संगणकांवर चाले. त्याच वर्षी आलेल्या डूम ३ च्या तुलनेत तो जुन्या यंत्रांना अधिक सोसवतो, ही त्याची मोठी बाजू मानली गेली. उत्तम ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकांवर अडसर कार्डाचा नसून प्रोसेसरचा ठरे, कारण वस्तूंच्या पडझडीचे भौतिकी गणित आणि शत्रूंच्या हालचाली यांचा भार प्रोसेसरवर पडतो.

तक्रार होती ती सरासरी वेगाची नव्हती. धावता धावता खेळ क्षणभर गोठे, आवाज अडखळत राही आणि मग सर्व सुरळीत होई. कोणी याचा दोष हार्ड डिस्कला दिला, कोणी साउंड कार्डाला, कोणी अपुऱ्या मेमरीला, तर अनेकांनी पार्श्वभूमीत चालू असलेल्या स्टीमला. फ्रेमची सरासरी काढणाऱ्या चाचण्यांत असा क्षणिक अडथळा दिसत नाही. त्यामुळे 'माझ्याकडे उत्तम चालतो' असे म्हणणारा आणि 'खेळणे अशक्य आहे' असे म्हणणारा, दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असू शकत. व्हॉल्व्हने पुढील अद्ययावत आवृत्त्यांत हा दोष कमी केला. या दुरुस्त्या खेळाडूंपर्यंत पोहोचल्या त्या स्टीममधूनच.

प्रकाशनाचा दिवस

स्टीमवरून खेळ विकत घेणाऱ्यांना त्याच्या फायली ऑगस्ट २००४ पासूनच कुलूपबंद स्वरूपात टप्प्याटप्प्याने उतरवून ठेवता येत होत्या. प्रकाशनाच्या क्षणी केवळ कुलूप उघडणारी किल्ली सर्व्हरवरून यायची होती. कल्पना चांगली होती. पण त्या दिवशी जगभरातून एकाच वेळी आलेल्या मागण्यांपुढे खातरजमा करणारे सर्व्हर अपुरे पडले. सर्वाधिक चिडले ते दुकानातून खोका घेऊन घरी आलेले खेळाडू. सीडी हातात असूनही त्यांना खाते उघडणे, अनुक्रमांकाची नोंद करणे आणि फायली उलगडण्याची वाट पाहणे यांतून जावे लागले. हा एकट्याने खेळायचा खेळ होता; त्याला इंटरनेट कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. एकदा नोंदणी झाल्यावर ऑफलाइन पद्धतीने खेळण्याची सोय होती, मात्र ती आधी जोडणी असतानाच लावून ठेवावी लागे.

व्हॉल्व्हचे उत्तर चोरीच्या प्रतींकडे बोट दाखवणारे होते. प्रकाशनानंतर थोड्याच दिवसांत बेकायदेशीर प्रतींच्या कारणावरून सुमारे २०,००० खाती बंद करण्यात आली. स्रोत-संकेताची चोरी सोसलेल्या कंपनीची ही सावधगिरी समजण्याजोगी होती, परंतु तिचा जाच पैसे मोजणाऱ्यांनाही झाला.

जेथे इंटरनेट मंद होते तेथे ही अट अधिक बोचली. भारत सरकारच्या ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट असा ठरवण्यात आला होता. या वेगाने एक गिगाबाइट उतरवण्यास जवळपास नऊ तास लागतात आणि ५६ किलोबिटांच्या डायल-अप जोडणीवर सुमारे चाळीस तास. हाफ-लाइफ २ काही गिगाबाइटांचा होता. स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या त्या त्यानंतर अकरा वर्षांनी, २०१५ मध्ये.

प्रकाशकाशी खटला

खेळाडू स्टीमवर चिडलेले असताना व्हॉल्व्ह आणि तिचा प्रकाशक न्यायालयात एकमेकांसमोर उभे होते. सिएराची मालक कंपनी व्हिवेंडी व्हॉल्व्हचे खेळ सायबर कॅफेंना परवानगीविना पुरवते, अशी तक्रार करत व्हॉल्व्हने ऑगस्ट २००२ मध्ये दावा दाखल केला. व्हिवेंडीने प्रतिदावा केला. स्टीमचा बेत लपवून व्हॉल्व्हने आपला किरकोळ व्यवसाय पोखरला, हा त्यातील एक आरोप होता. हाफ-लाइफ २ प्रकाशित झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत, २९ नोव्हेंबर २००४ रोजी, वॉशिंग्टन राज्यातील संघीय न्यायालयाचे न्यायाधीश थॉमस झिली यांनी सायबर कॅफेंच्या मुद्द्यावर व्हॉल्व्हच्या बाजूने निर्णय दिला. एप्रिल २००५ मध्ये तडजोड होऊन व्हिवेंडीने व्हॉल्व्हच्या खेळांचे वितरण थांबवण्याचे मान्य केले. याच वर्षापासून स्टीमवर इतर कंपन्यांचे खेळही विकले जाऊ लागले.

मालकीचा प्रश्न

खेळ खात्याशी कायमचा जोडला गेल्याने खेळून झालेली सीडी मित्राला देणे किंवा जुन्या बाजारात विकणे निरर्थक ठरले. मिळणाऱ्याच्या हाती नोंद झालेला अनुक्रमांक येई आणि तो पुन्हा चालत नसे. जर्मनीतील ग्राहक संघटनांच्या महासंघाने याविरुद्ध दाद मागितली. ११ फेब्रुवारी २०१० रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, खाते हस्तांतरित करण्यास मनाई करणारी अट वैध असल्याचा निर्णय दिला. हा निर्णय कायद्याच्या वर्तुळात 'हाफ-लाइफ २' याच नावाने ओळखला जातो. फ्रान्समध्ये २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयाने स्टीमवरील खेळ पुन्हा विकता आले पाहिजेत असे म्हटले, परंतु २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला.

खेळ नीट न चालल्यास पैसे परत मिळण्याच्या बाबतीत मात्र ग्राहकांच्या पदरात अधिक पडले. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये व्हॉल्व्हवर खटला भरला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. हा खटला चालू असतानाच, जून २०१५ मध्ये, स्टीमने खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेल्या खेळाचे पैसे परत करण्याची पद्धत सुरू केली. चांगल्या संगणकावरही अडखळणाऱ्या खेळाविरुद्ध खेळाडूच्या हाती आलेले हे पहिले परिणामकारक साधन होते.

नंतरची स्थिती

स्टीम पुढे संगणकीय खेळांच्या विक्रीचे सर्वांत मोठे केंद्र बनले आणि २००४ मधील बहुतेक तांत्रिक तक्रारी विस्मरणात गेल्या. एक तक्रार मात्र वेगळ्या रूपात उरली आहे. हाफ-लाइफ २ मूळात विंडोज ९८ आणि एक्सपी यांवरही चालत असे. परंतु स्टीमने १ जानेवारी २०१९ पासून विंडोज एक्सपी व व्हिस्टाचे आणि १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ व ८ चे समर्थन बंद केले. त्यामुळे ज्या संगणकासाठी खेळ विकला गेला होता, त्याच संगणकावर तो अधिकृत मार्गाने बसवता येत नाही. नव्या संगणकांवर मात्र तो अद्ययावत राखला गेला आहे. प्रकाशनाला वीस वर्षे झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२४ मध्ये, व्हॉल्व्हने दोन्ही पुरवणी भाग मूळ खेळात समाविष्ट केले, एक माहितीपट प्रदर्शित केला आणि काही दिवस खेळ विनामूल्य दिला. मार्च २०२५ मध्ये प्रकाशकिरणांच्या नव्या तंत्राने सजवलेल्या हाफ-लाइफ २ आरटीएक्स या आवृत्तीचा नमुना भाग स्टीमवर उपलब्ध झाला. तो सादर करणारी कंपनी एनव्हिडिया होती.