सागरी डिझेल एंजिनाचे अतितापन : निदानाचा क्रम

होडीतील डिझेल एंजिन तापू लागले म्हणजे तापमापकाचा काटा चढतो, तांडेल वेग कमी करतो आणि बंदरात परतल्यावर कारागिराला बोलावणे धाडतो. कारागीर बहुधा हाताशी असलेला सुटा भाग बदलून पाहतो; गुण आला तर ठीक, न आला तर दुसरा. या रीतीने पुष्कळ एंजिने दुरुस्त होतात हे नाकारता येत नाही. परंतु ही रीत खर्चिक आहे, आणि किनाऱ्यापासून वीस-पंचवीस सागरी मैलांवर वारा उठलेला असताना ती अवलंबिताच येत नाही. तेथे एंजिन बंद पडणे म्हणजे होडीचे तोंड लाटेकडे धरून ठेवण्याचे साधन गमावणे होय. अशा वेळी दोष कोठे आहे हे थोड्या निरीक्षणावरून ठरविता आले पाहिजे. ते शक्यही आहे. कारण अतितापन हा रोग नसून लक्षण आहे, आणि त्याची कारणे उष्णतेच्या वाटचालीत ओळीने मांडता येतात.

डिझेल एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांशाहून थोडी अधिक ऊर्जा दांड्यावर कार्यरूपाने मिळते. जवळजवळ तेवढीच निष्कास वायूंबरोबर बाहेर जाते, आणि सुमारे २५ ते ३० टक्के शीतक पाण्यात उतरते. ७५ किलोवॅट, म्हणजे सुमारे १०० अश्वशक्तीच्या एंजिनात पूर्ण भाराखाली पाण्याने वाहून न्यावयाची उष्णता ५५ किलोवॅटच्या आसपास भरते. बहुतेक आधुनिक सागरी एंजिनांत हे काम दोन मंडलांत वाटलेले असते. आतल्या मंडलात गंजरोधक मिसळलेले गोडे पाणी सिलिंडरांभोवती फिरते व थर्मोस्टॅटमधून उष्णता-विनिमयकात जाते. बाहेरच्या मंडलात समुद्राचे पाणी तळाच्या झडपेतून आत येते, गाळणीतून रबरी पात्यांच्या पंपात आणि तेथून विनिमयकाच्या नळ्यांत जाते. शेवटी ते निष्कास नळीच्या एल्बोत शिरून, वायूंना थंड करीत, होडीच्या पिछाडीस बाहेर पडते.

म्हणूनच पहिले निरीक्षण एंजिनाचे नव्हे, तर पिछाडीचे करावयाचे. पाणी नेहमीच्या जोराने पडत आहे काय, एवढे पाहिल्याने निम्मा प्रश्न सुटतो. पाणी थांबले असेल किंवा मंदावून वाफ निघत असेल, तर दोष बाहेरच्या मंडलात आहे. खाड्यांत गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या तळाच्या झडपेचे तोंड बुजवितात. गाळणी स्वच्छ दिसत असली तरी तिच्या झाकणाचे गॅसकेट सैल असल्यास पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो आणि प्रवाह तुटक होतो. सर्वांत दुबळा भाग मात्र पंपातील रबरी पात्यांचे चाक, म्हणजे कारागिरांच्या भाषेत इंपेलर, होय. पाणीच त्याचे वंगण असल्यामुळे ते कोरडे फिरले तर मिनिटाभरातही जळू शकते. मोडलेल्या पात्यांचे तुकडे पाण्याबरोबर पुढे जाऊन विनिमयकाच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात. नवा इंपेलर बसवूनही एंजिन तापतच राहिले, तर त्याचे कारण पुष्कळदा हे न शोधलेले तुकडेच असते. जुन्या चाकाची पाती मोजावीत आणि जितकी कमी भरतील तितकी पुढच्या नळीत शोधावीत, हा नियम साधा आहे, तरी तो क्वचितच पाळला जातो. विनिमयकातील जस्ताची क्षरणरोधक कांडी झिजून तिचे तुकडे पडतात, तेही याच ठिकाणी साचतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वरील एंजिनास सेकंदाला एक लिटर समुद्रपाणी मिळत असेल तर ते पाणी सुमारे १३ ते १४ अंश सेल्सिअसने तापते. २९ अंशांवर आत आलेले पाणी ४३ अंशांच्या आसपास बाहेर पडते. प्रवाह निम्मा झाला तर हीच वाढ २७ अंशांवर जाते. परंतु ८० अंशांवरील गोडे पाणी आणि समुद्रपाणी यांच्या सरासरी तापमानांतील फरक तेवढ्याने ४४ वरून ३७-३८ अंशांवरच येतो. नळ्यांतील वेग घटल्याने उष्णतेचे संक्रमणही काहीसे मंदावते हे खरे. तथापि कमी भारावर एवढी तूट सहज खपून जाते. अर्धा बुजलेला मार्ग मंद गतीत लपून राहतो आणि पूर्ण वेग मागितल्यावरच, म्हणजे बहुधा नेमक्या अडचणीच्या वेळी, उघडा पडतो, याचे कारण हे आहे.

पाणी भरपूर पडत असताना एंजिन तापत असेल तर तापमापकाचा एकच आकडा पुरत नाही. तापमानांतील फरक मोजावे लागतात. भार स्थिर ठेवून विनिमयकाच्या चारही तोंडांचे तापमान घ्यावे. समुद्रपाण्यातील वाढ नेहमीपेक्षा मोठी असेल, तर पाणी दिसावयास भरपूर असले तरी प्रवाह अपुरा आहे. ती वाढ नेहमीइतकीच असून गोडे पाणी मात्र दोन्ही तोंडांशी चढलेले असेल, तर नळ्यांच्या आत क्षारांचे पुट बसले आहे. कॅल्शियमचे कार्बोनेट व सल्फेट अधिक तापमानात कमी विरघळतात, म्हणून ते तापलेल्या पृष्ठभागावरच निक्षेपित होतात. ज्या जुन्या एंजिनांत समुद्राचेच पाणी सिलिंडरांभोवती फिरते ती ५५ ते ६० अंशांच्या आसपास चालविण्याचा हेतूही हाच. गोड्या पाण्याच्या आगमन-निर्गमनातील फरक नेहमीच्या पाच-आठ अंशांवरून पुष्कळ वाढलेला असेल, तर आतले अभिसरण मंद आहे : पट्टा घसरत असेल, पंप झिजला असेल. एंजिन तापलेले असून विनिमयकाकडे जाणारी नळी हाताला थंड लागत असेल, तर थर्मोस्टॅट उघडलेलाच नाही. हल्ली ही मोजणी अवरक्त तापमापकाने क्षणात होते. मात्र चकचकीत धातू कमी उत्सर्जक असल्याने त्यावर आकडा फसवा येतो. मोजावयाच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावावा.

दोन्ही मंडलांतील फरक एकदमच वाढलेले आढळले, तर शीतनव्यवस्था निर्दोष असून उष्णताच अधिक निर्माण होत आहे. होडीच्या तळाला बार्नेकल व शेवाळ चढलेले असेल, पंख्याला जाळे गुंडाळले असेल किंवा पंखाच एंजिनास भारी असेल, तर एंजिन आपले नियत फेरे गाठू शकत नाही व काळा धूर ओकते. अशा होडीचा विनिमयक कितीही वेळा धुतला तरी उपयोग होत नाही.

उरते सिलिंडर शीर्षाचे गॅसकेट. ते फुटले असता ज्वलनवायू गोड्या पाण्यात शिरतात; टाकीत बुडबुडे येतात, आणि एंजिन थंड असतानाच सुरू करताच रबरी नळ्या ताठ होतात. पाणी बाहेर फेकले गेले तर तापमापकाचा संवेदक उघडा पडतो आणि काटा खाली येतो. तांडेलाला हायसे वाटते. प्रत्यक्षात एंजिन जाम होण्याच्या बेतात असते. चढलेला काटा एकाएकी उतरला, तर ते सर्वांत वाईट चिन्ह समजावे.

एंजिन तापले की थर्मोस्टॅट काढून टाकावयाचा, हा एक रूढ उपाय आहे. ज्या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना उपमार्ग बंद करतो, तेथे तो काढल्याने उपमार्ग कायमचा उघडा राहतो, पाण्याचा मोठा भाग विनिमयकात न जाताच परत फिरतो, आणि भाराखाली एंजिन अधिकच तापते. एरवी ते गरजेपेक्षा थंड चालते. थंड सिलिंडरांच्या भिंतींवर ज्वलनातील वाफ व गंधकाचे आम्ल साचून झीज वाढते. आजच्या अल्पगंधक डिझेलमुळे हा धोका घटला आहे, नाहीसा झालेला नाही.

समुद्रात काटा चढताच प्रथम भार काढून एंजिन मंद गतीवर आणावे. पिछाडीस पाणी येत असेल तर ते काही मिनिटे तसेच चालू द्यावे, म्हणजे साठलेली उष्णता वाहून जाते; पाणी येत नसेल तर तत्काळ बंद करावे. टाकीचे झाकण उघडण्याची घाई प्राणावर बेतू शकते. ०·९ बार दाबाच्या झाकणाखाली पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, पण झाकण सैल होताच त्याच्या काही भागाची एकदम वाफ होते. तापलेल्या एंजिनात गार पाणी ओतल्यास सिलिंडर शीर्षाला तडा जाण्याचा संभव असतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत इंपेलरची दबून राहिलेली पाती त्याच वाकलेल्या आकारात निबर होतात आणि ऑगस्टच्या पहिल्याच फेरीत पंप पुरेसे पाणी ओढीत नाही. जूनमध्ये होडी वर ओढतानाच इंपेलर काढून ठेवावा, ऑगस्टमध्ये पाती तपासून बसवावा, आणि दुसरा नवा चाव्या-पान्यांच्या पेटीत बरोबर न्यावा.