नाव कोण सुचवतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पनवेलहून कर्नाळ्याकडे जाताना महामार्गालगत आमचे शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. इथे काय किंवा इतर कुठल्याही गावात काय, निवडणूक आली की पहिला प्रश्न असतो, ‘यंदा उभं कोण राहणार?’ मतदान अजून लांब असते. पण अर्ज भरायच्या आदल्या रात्री कोण कोणाच्या ओटीवर बसले होते, यावर निम्मा निकाल लागून गेलेला असतो. मत द्यायचा हक्क सर्वांना आहे, हे खरे. पण ज्याचे नाव यादीतच नाही, त्याला मत देणार कसे?

हा प्रश्न जसा गावाचा, तसाच संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यातल्या संघटनांचाही आहे. अशी संघटना सरकारपुढे धंद्याच्या अडचणी मांडते, कर आणि कायद्यांबाबत म्हणणे देते. तिच्या वतीने बोलते ती कार्यकारी समिती. म्हणून त्या समितीवर कोण बसते, याला महत्त्व.

पद्धत आपल्या ओळखीचीच असते. गृहनिर्माण सोसायटीत असतात तसे सूचक आणि अनुमोदक, उमेदवाराची लेखी संमती, अर्जांची छाननी, माघारीची मुदत आणि मग मतदान. पुष्कळ संघटनांत याच्याही आधी आणखी एक पायरी असते, ती म्हणजे नामांकन समितीची. चार-पाच जाणत्या सभासदांनी योग्य माणसे शोधायची, त्यांना विचारायचे आणि यादी तयार करायची. ही पायरी कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

एक अनुभव सांगतो. लहान-मोठ्या तंत्रज्ञान उद्योजकांच्या एका संघटनेत मला एकदा या समितीवर घेतले. संध्याकाळची बैठक. चहा-वडे आले. कोणीतरी मागच्या वर्षीची यादी काढली आणि म्हणाले, ‘‘हीच नावं ठेवू या, म्हणजे बिनविरोध होऊन जाईल.’’ वीस मिनिटांत काम आटोपले. मीही मान डोलावली.

पुढे काही दिवसांनी तळोज्याच्या बाजूला कंट्रोल पॅनेल बनवणारे एक सभासद भेटले. त्यांची तक्रार एकच होती. मोठ्या कंपन्या बिले सहा-सहा महिने थकवतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. मग आपली संघटना यावर का बोलत नाही? मी घरी येऊन यादी पुन्हा पाहिली. समितीतले बहुतेक जण बिले थकवणाऱ्यांपैकी होते. ज्यांची बिले थकली होती, असा त्यात एकही नव्हता. कोणी विषय दडपला नव्हता; तो मांडणारेच तिथे नव्हते. ‘‘तुम्ही का उभे राहत नाही?’’ असे मी त्या गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, ‘‘अहो, बारा वर्षं सभासद आहे. मला कोणी विचारलंच नाही.’’

बिनविरोध म्हणजे एकमत, असे आपण धरून चालतो. कधी ते तसे असतेही. पण कधी कधी बिनविरोधचा अर्थ एवढाच असतो की, विचारायला हवे होते त्यांना कोणी विचारले नाही.

ज्यांना जागा मिळत नाही, ते काय करतात? बहुधा गप्प बसतात. पण अंगात बळ असले तर वेगळे घर मांडतात. आपल्या देशात १९८२ साली ‘मेट’ ही माहिती तंत्रज्ञानाच्या उत्पादकांची संघटना सुरू झाली. तिचा भर यंत्रे बनवणाऱ्यांवर. यंत्र बनवणाऱ्याला परदेशी संगणकावर जकात असलेली बरी वाटते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र तोच संगणक स्वस्त हवा असतो. एका समितीने दोघांची बाजू मांडायची तरी कशी? पुढे १९८८ साली ३८ कंपन्यांनी मिळून सॉफ्टवेअरवाल्यांची ‘नॅसकॉम’ उभी केली. मुंबईच्या ‘मास्टेक’चे अशांक देसाई आणि ‘ऑनवर्ड’चे हरीश मेहता तिच्या संस्थापकांत होते. गंमत म्हणजे पंचवीस वर्षांनी नॅसकॉमवरही तीच वेळ आली. ती मोठ्या सेवा-कंपन्यांचीच झाली आहे, असे स्वतःचे सॉफ्टवेअर तयार करून विकणाऱ्या लहान कंपन्यांना वाटू लागले आणि २०१३ मध्ये त्यांतल्या काहींनी ‘आयस्पिरिट’ हे वेगळे व्यासपीठ काढले.

मग यादी करणाऱ्यांवर लगाम ठेवायचा कसा? याचे एक चांगले उत्तर इंटरनेटच्याच जगात आहे. ई-मेल एका संगणकावरून दुसऱ्यावर कशी जावी, यासारखे नियम ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ ही संस्था ठरवते. १९८६ पासून ती काम करते आहे. तिथे सभासदांची यादीच नाही. जो कामाला येईल तो आपला. आता यादीच नाही, तर मतदान घेणार कोणाचे? म्हणून त्यांनी वेगळी वाट काढली. संस्थेच्या कामात ठरावीक सहभाग असलेल्यांनी आपणहून नावे द्यायची आणि त्यांतून दहा जण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडायचे. चिठ्ठीही बंद खोलीत नाही. नावांना क्रमांक देऊन यादी आधी जाहीर होते. लॉटरीच्या निकालासारखे कोणते आकडे वापरणार, हेही आधी सांगतात. त्यामुळे हिशेब कोणालाही घरी बसून ताडून पाहता येतो. एका कंपनीचे दोघांहून अधिक नाहीत.

हे दहा जण पुढाऱ्यांच्या जागांसाठी नावे मागवतात. कोणीही कोणाचे नाव सुचवावे, स्वतःचेही चालेल. तयार असलेल्यांची यादी जाहीर होते. त्यांच्याविषयी लोक जे सांगतात ते मात्र गुप्त राहते, म्हणून माणसे मोकळेपणाने बोलतात. या दहांपैकी कोणालाही त्या जागा स्वतःला घेता येत नाहीत. त्यांनी निवडलेल्या नावांवर शेवटची मोहोर दुसरेच मंडळ उठवते.

ही युक्ती नवी वाटते, पण आपल्या देशाला ती जुनीच. तमिळनाडूत उत्तरमेरूरला चोळ राजा परांतक याच्या काळातले, दहाव्या शतकातले शिलालेख आहेत. गावसभेच्या समित्यांसाठी ताडपत्रांवर नावे लिहून ती मडक्यात टाकत आणि लहान मुलाकडून उचलून घेत. पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नसेल, त्याचे नाव मडक्यात पडतच नसे. त्याच्या नातलगांचेही नाही!

आपल्या संघटनेला एवढे सगळे जमणार नाही. पण तीन गोष्टी कोणालाही जमतील. यादी करणाऱ्याने त्या वर्षी स्वतः उभे राहू नये. नावे मागवल्याची चिठ्ठी शेवटच्या सभासदापर्यंत पोचावी आणि मुदत दोन-तीन दिवसांची नव्हे, पुरेशी असावी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आजवर जे कधी समितीवर नव्हते, त्यांच्यापैकी निदान काहींना समोर बसून विचारावे, ‘‘तुम्ही याल का?’’ लहान धंदेवाला, नवा सभासद, एकटीने कारखाना चालवणारी बाई, ही माणसे आपण होऊन हात वर करत नाहीत. त्यांना विचारावे लागते.

आम्ही पुढच्या वर्षी हे केले. निवडणूक बिनविरोध झाली नाही. थोडी कुरबूरही झाली. तळोज्याचे ते गृहस्थ उभे राहिले आणि पडले. पण त्यांच्यासारखेच लहान काम करणाऱ्या एक बाई निवडून आल्या आणि पहिल्याच बैठकीत थकलेल्या बिलांचा विषय कागदावर आला. सगळी बिले काही लगेच मिळाली नाहीत. पण विषय निघाला, हे काय थोडे झाले?

शेवटी पुन्हा शिरढोणकडे येतो. वासुदेव बळवंतांना आपण त्यांच्या बंडासाठी ओळखतो. पण पुण्याच्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांतही ते होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांचे सहकारी वामन प्रभाकर भावे यांनी काम पुढे नेले, त्यांच्यामागून आणखी माणसे आली, आणि ती संस्था आजही चालू आहे. संस्था काढणारा मोठा असतोच. पण पुढचे माणूस कोणी तरी शोधावे लागते, त्याला हाक मारावी लागते. तेव्हा तुमच्या सोसायटीत, मंडळात किंवा संघटनेत पुढच्या वेळी यादी होईल, तेव्हा ती वाचण्याआधी एवढेच विचारा, ‘‘ही नावं सुचवली कोणी, आणि कोणाला विचारायचं राहून गेलं?’’