टिकाऊ कशास म्हणावे?



बदामीच्या कड्यावरील पहिल्या पुलकेशीचा लेख शके ४६५चा, म्हणजे इ. स. ५४३चा आहे. तो आजही वाचता येतो, आणि वाचण्यास वीज लागत नाही. हे आठवण्याचे कारण असे की, शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे संगणकावर उतरवल्यावर ती ठेवण्यासाठी मोठ्या सर्व्हरमधील महागडी 'एंटरप्राइझ' एसएसडी घ्यावी काय, असे मला विचारण्यात आले. मराठीच्या माणसास हा प्रश्न विचारणे धाडसाचेच. तरी मी थोडा अभ्यास केला.

एसएसडीत फिरणारी तबकडी नसते. तिच्यातील फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधून काढली. सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडायचा आणि त्याच्या प्रमाणावरून मजकूर ओळखायचा, ही तिची रीत. मात्र येथे एकच अक्षर पुसता येत नाही. सगळा फळाच पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्यागणिक भार अडवणारा पापुद्रा झिजतो. म्हणून एंटरप्राइझ एसएसडीत राखीव कप्पे अधिक असतात, आणि वीज गेली तरी हातातले लेखन पुरे होईल इतका भार धारित्रांत साठवलेला असतो. ९६० जीबीची एसएसडी रोज एकदा पूर्ण लिहिण्याची पाच वर्षांची हमी असेल, तर ते लेखन १,७५२ टीबी भरते. बँकेस याचे मोल आहे. एकदाच लिहावयाच्या रजिस्टरांस नाही.

खरी मेख पुढेच आहे. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लेखनाचे आयुष्य संपल्यावर घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंशांत एक वर्ष मजकूर राखावा. एंटरप्राइझने ४० अंशांत तीनच महिने! यात लबाडी नाही, कारण सर्व्हर सहसा बंद होतच नाही. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ टिकेल. परंतु सर्व्हरमधून उतरवलेली, झिजलेली एसएसडी स्वस्त मिळाली म्हणून घ्यावी आणि वैशाखात लोखंडी कपाटात कोंडावी, हे धोक्याचे. उष्णतेने भार लवकर गळतो.

माझी स्वतःची शब्दटिपणे एका पेन ड्राइव्हसह गेली. बुटांच्या खोक्यातली कार्डे मात्र शाबूत आहेत.

तेव्हा दोन साध्या हार्ड डिस्क घ्याव्यात, एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी, दर सहामाहीस दोन्ही उघडून पाहाव्यात. जन्मतारखेच्या दाखल्यासाठी माजी विद्यार्थी येतच राहणार. आणि मूळ रजिस्टरे रद्दीत देऊ नयेत. जुन्या नोंदींत मोडी अक्षरही आढळते, नि ते छायाचित्रात नीट उमटले की नाही, हे सांगू शकणारे आता थोडेच उरले आहेत.