मोटर साडेसातची, पाईप अर्धा इंची! जुन्या लॅपटॉपला वेगवान ड्राइव्ह जोडण्यापूर्वी



शेतकरी गटांत आजकाल व्हिडिओ करणारा एखादा तरी मुलगा किंवा मुलगी असतेच. बीजप्रक्रिया, पेरणी, फवारणी, तोडणी असे सगळे मोबाईलवर टिपायचे आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर त्याचे संकलन करायचे. लग्नसराईत दोन पैसेही सुटतात. पण लॅपटॉप दहा-बारा वर्षांचा आणि त्यातली जागा केव्हाच भरलेली. दुकानदार सांगतो, "बाहेरून जोडायची एसएसडी घ्या, सेकंदाला हजार एमबीचा वेग आहे." गटाच्या वर्गणीतून ड्राइव्ह येतो, जोडला जातो आणि व्हिडिओ पूर्वीइतकाच अडखळतो. असे का होते, ते खरेदीपूर्वीच समजून घेतले तर वर्गणी वाया जाणार नाही.

विहिरीला पाणी मुबलक आहे, मोटर साडेसात अश्वशक्तीची आहे, पण पाईप अर्धा इंची आहे. वाफ्यात पाणी किती येईल? येथेही तसेच आहे. ड्राइव्ह म्हणजे विहीर आणि लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट म्हणजे पाईप.

पाईप किती इंची, ते बघा

यूएसबी २.० या जुन्या पोर्टचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. येथे बरेच जण फसतात. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे हा वेग झाला ६० मेगाबाइट, अर्थात एमबी. प्रत्यक्षात ३५ ते ४० एमबीच पदरात पडतात. यूएसबी ३.० चे मानक २००८ मध्ये आले. त्याचा वेग ५ गिगाबिट असून चांगली एसएसडी त्यावर सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास चालते. इंटेलच्या चिपसेटमध्ये ही सोय २०१२ पासून अंगभूत आली, त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये २.० च सापडेल. अॅपलच्या २०११ च्या मॅकबुक प्रोमध्येही यूएसबी २.० च आहे. मात्र त्याला फायरवायर ८०० व थंडरबोल्ट हे जास्त वेगाचे पोर्ट आहेत. सेकंडहँड घेताना हे ध्यानात असू द्यावे.

पोर्टच्या आतली पट्टी निळी असेल किंवा शेजारी इंग्रजीत 'एसएस' लिहिलेले असेल तर तो बहुधा ३.० समजावा. काही कंपन्या निळा रंग देत नाहीत. अशा वेळी विंडोजच्या डिव्हाईस मॅनेजरमध्ये यूएसबीच्या यादीत '३.०' दिसते का, ते तपासावे.

कोणता ड्राइव्ह घ्यावा?

लॅपटॉपला फक्त २.० असेल तर वेगासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. साधी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, पाईपच ४० च्या पुढे नेत नाही. एसएसडी धक्के चांगले सोसते, त्यासाठी घ्यायची तर जरूर घ्यावी. पोर्ट ३.० असेल तर साधी साटा एसएसडी पुरेशी आहे. हजार एमबीवाली त्याच पोर्टवर ४०० च्या आसपासच अडकेल. पुढे नवा लॅपटॉप घ्यायचे नक्की असेल तर गोष्ट वेगळी.

अडखळण्याचे खरे कारण

मोबाईलवरच्या फोर-के व्हिडिओला सेकंदाला साधारण सहा-सात एमबी लागतात, फुल एचडीला दोन-अडीच. म्हणजे एका व्हिडिओपुरते पाणी जुन्या पाईपातूनही येते! मग अडते कुठे? तर प्रोसेसरमध्ये. नवे मोबाईल एचईव्हीसी पद्धतीने व्हिडिओ दाबून साठवतात. तो उलगडण्याची खास सोय २०१५ पूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये नाही, त्यामुळे त्यांची दमछाक होते. त्यावर बिनपैशाचे दोन उपाय आहेत. एक, मोबाईलच्या सेटिंगमध्ये फुल एचडी आणि एच.२६४ निवडून चित्रीकरण करावे. दुसरा, प्रॉक्सी वापरावी. शॉटकट, केडेनलाइव्ह या मोफत प्रोग्रामांत ही सोय आहे. संकलन हलक्या प्रतीवर होते आणि अखेरचा व्हिडिओ मूळ फाईलवरून तयार होतो.

लॅपटॉपच्या आत अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर पहिला पैसा तिच्या जागी साटा एसएसडी बसवण्यावर खर्चावा. सारा लॅपटॉप हलका चालतो.

जोडणी करताना

• ड्राइव्ह थेट पोर्टला जोडावा, हबमधून नको.
• सोबत आलेलीच केबल वापरावी. मोबाईल चार्जरची टाइप-सी केबल दिसायला तशीच असते, पण पुष्कळदा तिचा वेग २.० चाच असतो.
• २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देतो, ३.० पोर्ट ९००. हार्ड डिस्क टकटक करून बंद पडत असेल तर वीज कमी पडते का, ते आधी बघावे.
• एफएटी३२ फॉरमॅटमध्ये ४ जीबीहून मोठी फाईल बसत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालवायचे तर एक्सफॅट ठेवावे. फॉरमॅट केल्यास आतले सर्व पुसले जाते, म्हणून हे काम कोऱ्या ड्राइव्हवरच उरकावे.
• 'इजेक्ट' केल्याशिवाय केबल ओढू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. चित्रीकरणाला दुबार पेरणी नसते. जूनमधली उगवण ऑक्टोबरमध्ये पुन्हा टिपता येत नाही आणि कुणाच्या मुलीचे लग्नही पुन्हा लागत नाही. म्हणून प्रत्येक चित्रीकरणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवाव्यात, जमल्यास दोन घरांत. महागड्या एका ड्राइव्हपेक्षा साधे दोन बरे, ते याचसाठी.

बियाण्याची उगवण तपासूनच आपण पेरतो ना? तसेच दुकानात जाताना लॅपटॉप बरोबर न्यावा. ४ जीबीची फाईल ड्राइव्हवरून लॅपटॉपमध्ये घेऊन घड्याळ लावावे. पावणेदोन-दोन मिनिटे लागली तर पाईप जुनाच आहे, पाऊण मिनिटाच्या आत आली तर ३.० चालू आहे. मगच पैसे मोजावेत आणि पक्के बिल घेण्यास विसरू नये.