मांजराच्या नाकातली चिवट बुरशी

● कारण : बहुतेकदा क्रिप्टोकॉकस. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत ती वाढते आणि श्वासावाटे नाकात शिरते.

● लक्षणे : सततच्या शिंका, नाकातून स्राव, नाकावर सूज किंवा गाठ. अँटिबायोटिकने उतार पडत नसेल, तर बुरशीची शंका घ्या.

● तपासणी : स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, रक्ताची अँटिजेन चाचणी.

● औषध : पशुवैद्यांच्या सल्ल्याने फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल, अनेक महिने, कधी वर्षभराहूनही अधिक. यकृतासाठी अधूनमधून रक्ततपासणी हवीच.

● ही चूक टाळा : शिंका थांबल्या म्हणून गोळ्या थांबवू नका. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह येईपर्यंत उपचार चालू ठेवा. नाहीतर आजार उलटतो.

● दिलासा : मांजराला जवळ घेतल्याने क्रिप्टोकॉकस माणसाला होत नाही. आजार नाकापुरता असेल, तर नेटाने केलेल्या उपचारांना बहुतेकदा यश येते.